रेणुका तायडेचा 'बे'

वडनेर भोलजीच्या रेणुका तायडेला रंगभूमीवर पस्तीस वर्षं झाली, आणि त्यातली निदान तीस ती कुणाची ना कुणाची आई होती. पहिल्यांदा आई झाली तेव्हा तिचं वय एकवीस आणि मुलगा, म्हणजे नाटकाचा हिरो, सेहेचाळीसचा. त्याच्या मिशांना कलप, हिच्या केसांना सफेदा. आशीर्वाद घ्यायला तो वाकला की कमरेत अडकायचा. मग आईच काखेत हात घालून त्याला उभा करायची आणि वरून गालगुच्चा घ्यायची. लोक म्हणायचे, काय माया आहे बाईच्या अंगात. माया कसली डोंबलाची, हिरो आडवा झाला असता तर पुढचं पद कोण म्हणणार होतं?

पद म्हणावं ते मात्र रेणुकानंच. मलकापूरपासून मेहकरपर्यंत तिच्या तोडीची बाई नाही. हे ती स्वतःच सांगते, त्यामुळे शंकेला जागा उरत नाही.

गाणं तिला बापाकडून आलं. जानराव वर्षभर लोकांच्या वावरात राबायचे आणि चौदा एप्रिल जवळ आला की त्यांच्या जलशाला आठ गावांची बोलावणी यायची. त्यांच्या पेटीच्या दोन पट्ट्या मुक्या होत्या. पेटी दुरुस्त करायच्या ऐवजी जानरावांनी त्या दोन सुरांना वगळूनच सगळ्या चाली बांधल्या. बाराव्या वर्षी रेणुकानं खामगावला एका कार्यक्रमात धड पेटी ऐकली, तेव्हा तिला वाटलं, वाजवणारा चुकतोय. जलशात तबल्याला देवानंद आला तो रोहिणखेडहून, चार दिवसांच्या तालमीसाठी. तो अजून परत गेलेला नाही. आधी तबलजी होता, मग जावई झाला, आणि गावानं घरजावई म्हणून चिडवलं की शांतपणे म्हणतो, 'ठेका सोडून जाता येत नाई ना, भाऊ.'

दिवाळी झाली की ही दोघं पूर्व विदर्भात जायची, झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांत. होळीपर्यंत रोज नवं गाव. तिथं माईक वरून टांगलेला. बोलायचं तर माईकखाली, गायचं तर माईकखाली, आणि मरायचं असलं तरी आधी माईकखाली यायचं. एकदा खलनायकानं चुकून रेणुकाला पार कोपऱ्यात सुरा मारला. ती पोटात सुरा धरून आठ पावलं चालत मधोमध आली, तीन कडव्यांचं पद म्हणाली, लोकांनी वन्समोर दिला म्हणून पुन्हा म्हणाली, आणि मग मेली. तोवर खलनायक खदाखदा हसायचं विसरून टाळ्या वाजवत होता.

तिच्या या सगळ्या पराक्रमाला एकच परीक्षक होता, तिची माय बनाबाई. जिल्ह्यात कुठंही प्रयोग असो, बनाबाई पहिल्या रांगेत. लोक रडत असायचे तेव्हा ही सुपारी कातरत असायची आणि घरी आल्यावर एकेक काढायची. 'दुसऱ्या पदात जांभई गिळली तू.' 'मेल्यावर पाय काऊन हलवला?' कौतुक म्हणून तिच्या तोंडून एवढंच निघायचं, 'आज आवाज बरा लागला.' त्या चार शब्दांवर रेणुका चार महिने जगायची. पुढं काचबिंदूनं बनाबाईचे दोन्ही डोळे गेले. डॉक्टरनं सांगितलं, नजर आता परत यायची नाही. बनाबाई म्हणाली, 'जाऊ द्या, पाहाचं ते पाहून झालं.' कान मात्र असे तिखट झाले की रेणुका अंगणात नुसती खाकरली तरी ती आतून विचारायची, 'दही खाल्लं काय वं?'

आणि अशा वेळी रेणुकाला पडदा लागला. पडदा लागला म्हणजे काय, तर पडद्यावर दिसायचा नाद.

पहिली होती टीव्हीवरची मालिका. त्यात तिला प्रेत केलं. दोन दिवस ती एका ओसरीवर पांढऱ्या चादरीत पडून होती आणि तिच्याभोवती सात बाया आळीपाळीनं तिचेच गुण गात होत्या. ज्या दिवशी ते लागलं त्या दिवशी अख्खी आळी बनाबाईच्या घरी जमली. शेजारची कौशल्याबाई टीव्हीला नाक लावून बसली होती.

'बनाबाई, रेणुका आली पाह्य!'

'काय म्हणते?'

'काई नाई. मेली हाय.'

'मंग आली काय अन् नाई आली काय,' बनाबाई म्हणाली आणि कूस बदलली.

दुसरी कपाशीच्या बियाण्याची जाहिरात. रेणुका बोंडं हातात घेऊन हसली आणि मागून कुण्या पुरुषाचा जाडाभरडा आवाज बोलला. बनाबाईनं विचारलं, 'हा कोन बाप्पा हाय माह्या पोट्टीच्या तोंडात?' तिसऱ्यांदा परत मालिकाच, मोलकरणीचं काम. आठ महिन्यांचं काम मिळालं म्हणून पेढे वाटले. नंतर कळलं की मोलकरीण मुकी आहे. पस्तीस वर्षं जी बाई माईक फाडत आली तिनं आठ महिने नुसते हातवारे केले. घरी आल्यावरही तिला सवय गेली नाही, देवानंदाकडे चहा मागायचा तर कप करून दाखवायची.

गावाला काही फरक पडत नव्हता. गावानं रेणुकाला टीव्हीवर पाहिलं, विहारासमोर तिचा शाल-नारळ देऊन सत्कार केला, तीन भाषणं झाली. पण बनाबाई सत्काराहून परत येताना म्हणाली, 'लोक म्हणतात तू दिसतं. म्हणत असतीन. मले तं तू आयकू आल्याबिगर हाय का नाई, कसं कळावं?'

हे रेणुकाच्या जिव्हारी लागलं. तिला मायचा राग आला, आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटलं, कारण म्हातारी खोटं बोलली नव्हती. आपल्या मायसाठी आपण पडद्यावर नाहीच. त्या दिवसापासून तिनं मनाशी धरलं, मेलं बक्षीस नको नि सत्कार नको, पण माय आहे तोवर एकदा तरी त्या पडद्यातून आपला आवाज तिच्या कानावर गेला पाहिजे. माय तेव्हा त्र्याऐंशीची होती. थांबायला कुणाजवळ वेळ होता?

आणि मग 'ढेकूळ' आला. ढेकूळ हे सिनेमाचं नाव. दिग्दर्शक पुण्याचे रवी सर. त्यांनी रेणुकाचं एक पद कुणाच्या मोबाईलवर ऐकलं आणि थेट फोन लावला. गोष्ट बुलडाणा जिल्ह्यातली, भूमिका पन्नाशीच्या बाईची, आणि तिच्या घरात खाटेवर पडलेली म्हातारी आई. म्हणजे जन्मात पहिल्यांदा रेणुकाला आई नाही, लेक व्हायचं होतं. अकरा प्रसंग, सगळ्यांत बोलणं.

'आवाज माहाच राहीन ना, सर?' तिनं पहिला प्रश्न हाच विचारला.

'अहो, तुमच्या आवाजासाठीच तर फोन केला,' रवी सर म्हणाले. 'आम्हाला अस्सल वऱ्हाडी हवंय.'

बुलडाणा जिल्ह्यातल्या गोष्टीचं शूटिंग साताऱ्याकडं होतं. तिकडचं वऱ्हाड जास्त वऱ्हाडासारखं दिसतं, असं कॅमेरावाल्याचं म्हणणं पडलं. घराला मक्याची कणसं टांगली होती आणि रेणुकाच्या नाकात एवढी मोठी नथ अडकवली होती की पाणी प्यायचं तर ती वर उचलून धरावी लागे. रेणुकानं ती घालून घेतली. नाटकात तिनं याहून वाईट दागिने घातले होते, एकदा तर सायकलच्या साखळीचा कंबरपट्टा.

घोडं अडलं ते भाषेवर. भाषेसाठी डिंपल नावाची एक चुणचुणीत मुलगी ठेवली होती. जन्म ठाण्याचा, वऱ्हाडी भाषेची फाइल तिच्याजवळ, आणि फाइल सोडून ती जेवायलासुद्धा बसत नसे. ती रेणुकाला वऱ्हाडी शिकवायची. म्हणजे माशाला पोहायला शिकवायला काठावर बाई ठेवलेली. पोरगी गोड होती म्हणून रेणुकानं ऐकून घेतलं. पण एके दिवशी कागद हातात आला आणि त्यावर वाक्य होतं. खाटेवरच्या म्हाताऱ्या आईला लेक विचारते: 'काऊन बे माय, जेवली का नाई?'

रेणुकानं कागद दोनदा वाचला.

'डिंपल, बाई, मायले बे नाई म्हणत कोनी.'

'पण ताई, फाइलमध्ये आहे. बे, वऱ्हाडी संबोधन, सर्वत्र.'

'सर्वत्र नाई वं. बे म्हणजे दोस्ताले. लहान भावाले. झगडा झाला तं शेजाऱ्याले. मोठ्या मानसाले म्हटलं तं थोबाड फुटते. बाईमानसाले आमी वं म्हणतो, आन् मायले बे म्हणनारा अजून पैदा व्हायचा हाय.'

डिंपलनं ते सगळं फाइलमध्ये नीट उतरवून घेतलं. वाक्य काही बदललं नाही. सगळ्या कागदांत मिळून अकरा ठिकाणी बे होता, एक तर देवळातल्या देवाला. शूटिंगच्या वेळी रेणुकानं आपली जुनी युक्ती केली. नाटकात लेखकाचं वाक्य आवडलं नाही की ती गिळायची आणि आपलं घुसवायची. इथंही तिनं 'काऊन वं माय' म्हणून टाकलं. कॅमेरा, दिवे आणि त्या नथीच्या गडबडीत कुणाच्या लक्षात आलं नाही. रेणुकाला वाटलं, सुटलो.

पण सिनेमात आवाज पुन्हा भरतात हे तिला कुठं माहीत होतं? चार महिन्यांनी मुंबईला बोलावणं आलं. एका बंद खोलीत तिला माईकपुढं उभं केलं. हा माईक टांगलेला नव्हता, पण जवळ आल्याशिवाय तोही बोलू देत नव्हता. समोर पडद्यावर ती स्वतः ओठ हलवत होती. काचेपलीकडं रवी सर होते.

'रेणुकाताई, इथं बे आहे.'

'सर, मायले बे नाई म्हणत.'

'अहो, पण वऱ्हाडी आहे ना हे?'

'हो. म्हणूनच.'

रवी सर चांगले गृहस्थ होते, आवाज न चढवता बोलायचे. त्यांनी समजावून सांगितलं की 'वं' पुण्या-मुंबईत कुणाला कळणार नाही, लोकांना वाटेल बाईला ठसका लागला. बे म्हटलं की थिएटर हसतं. ही आई-लेकीची जोडी हसवते म्हणून तर पुढं रडवते. सगळा हिशोब त्या एका अक्षरावर बसवलेला आहे. आणि नसेल जमत तर काही हरकत नाही, बाहेर एक ताई बसल्या आहेत, त्या तुमचा आवाज देतील. तुमचा अभिनय तर राहीलच ना.

रेणुकानं दारातून डोकावून पाहिलं. बाहेरच्या बाकावर एक बाई डब्यातलं सफरचंद खात बसली होती. तिनं हसून मान डोलावली आणि म्हणाली, 'मी तुमच्याकडचं छान करते हं.'

रेणुकाच्या अंगाची लाही लाही झाली. ही सफरचंदवाली माह्या तोंडातून बोलणार, आणि तिकडं म्हातारी विचारणार, ही कोन बाई हाय माह्या पोट्टीच्या तोंडात? पुन्हा मुकी. चौथ्यांदा. आणि पाचव्यांदा कोण बोलावतंय, आणि बोलावलं तरी तोवर माय असेल का? तिनं पदर खोचला आणि आठवडी बाजारात वांगी घेते तसा सौदा केला. अकरा बे होते, ते ओढून ओढून चारावर आणले. देवाचा काढला, सासऱ्याचा काढला, मास्तरचा काढला. मायचा काढायला गेली तर रवी सर म्हणाले, 'तो सोडून काहीही मागा.'

एक अक्षर, तिनं मनाला समजावलं. साऱ्या आवाजापुढं एक अक्षर म्हणजे काय? भाजीत खडा लागला तर भाजी फेकतो का आपण?

ते एक वाक्य चौदा वेळा घ्यावं लागलं. तीन कडवी पोटात सुरा घेऊन म्हणणारी बाई, पण 'काऊन' म्हणून झालं की जीभ टाळूला चिकटायची. कधी अक्षर एवढं हळू निघायचं की काचेपलीकडं पोचायचं नाही, कधी पुढचा 'माय' अडखळायचा. तेराव्यांदा तिला रडू आलं आणि रवी सरांनी पाणी पाठवलं. चौदाव्यांदा तिनं डोळे मिटले, समोर देवानंद आहे असं धरलं आणि म्हणून टाकलं. काचेपलीकडं सगळे हसले. बरोबर लागलं होतं.

सिनेमा मलकापूरला लागला. रविवारी बाराच्या खेळाला वडनेरहून गाडी केली. देवानंद होता, कौशल्याबाई होती आणि अजून नऊ माणसं जिथं मावतील तिथं बसली. बनाबाईनं ठेवणीतलं पांढरं लुगडं नेसलं होतं. गाडीत कौशल्याबाई म्हणाली, 'बनाबाई, तुमाले तं दिसत नाई, मी सांगत जाईन.' बनाबाई म्हणाली, 'तू गप बस. तुह्या सांगण्यात मांगच्या टायमाले मेली होती ते.'

टॉकीजात बनाबाईला मधल्या वाटेच्या कडेला बसवलं, तिच्या शेजारी रेणुका. अंधार झाला, त्याचा बनाबाईला पत्ता नव्हता, पण सगळे गप झाले तशी तीही गप झाली. पहिली वीस मिनिटं हिरो-हिरोईनचं चाललं होतं. चाळीस गावांत पडदा उघडताना रेणुकाला कधी एवढी भीती वाटली नव्हती. मग पडद्यावर एक दार उघडलं आणि आतून आवाज आला, 'कोन हाय दारात? या, बसा, चहा ठेवतो.'

बनाबाई ताठ झाली. तिनं चाचपून रेणुकाचं मनगट धरलं.

'तू व्हय.'

'हो, माय.'

'खरंच आलीस वं तू पडद्यात.' म्हातारी हसत होती. दात नसलेलं तोंड उघडं टाकून, पडद्याकडं नाही तर जिथून आवाज येत होता त्या भिंतीकडं मान वळवून. 'आवाज बरा लागला,' ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं आपल्याशीच, 'लय बरा लागला.'

रेणुकाचं काळीज सुपाएवढं झालं. पस्तीस वर्षांत 'लय' हा शब्द तिनं मायच्या तोंडून ऐकला नव्हता. प्रसंगामागून प्रसंग येत होते आणि म्हातारी प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. रेणुका सुखावली होती, इतकी की पुढं काय येणार आहे हेच ती विसरली. पडद्यावरची रेणुका ताट घेऊन खाटेजवळ आली. भिंतीतून तिचाच आवाज, ठणठणीत, सगळ्या टॉकीजभर:

'काऊन बे माय, जेवली का नाई?'

रवी सर म्हणाले होते तसंच झालं, टॉकीज हसली. त्या हसण्यातच फाडकन आवाज आला. बनाबाईनं मनगट सोडून त्याच हातानं रेणुकाच्या तोंडात हाणली होती. आंधळ्या माणसाचा हात, पण नेम जराही चुकला नाही.

'कोनाले बे म्हणून राह्यली वं?'

'माय, तुले नाई. ते पडद्यावरच्या मायले...'

'आवाज तुहा. माय म्हटलं तू. जेवली का म्हणून इचारलं. मंग आखीन कोन हाय तुही माय?'

आता मागच्या चार रांगा पडदा सोडून यांच्याकडं पाहून हसत होत्या. कौशल्याबाईनं तोंडात पदर कोंबला. देवानंद दोन्ही हातांनी आपल्याच मांडीवर हळूहळू ठेका धरून बसला, घाबरला की तो तसंच करतो. रेणुकाचा गाल जळत होता, आणि लाज अशी वाटत होती की चाळीस गावांसमोर साडी सुटली असती तरी एवढी वाटली नसती. पुढं तीन बे अजून यायचे होते. प्रत्येक वेळी तिनं डोळे मिटून वाट पाहिली. पण बनाबाईनं पुन्हा हात उचलला नाही. ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली आणि पुढं कशालाच तिनं मान हलवली नाही.

सिनेमा संपल्यावर बाहेर लोकांनी रेणुकासोबत फोटो काढले. दोन पोरांनी 'काऊन बे माय' म्हणून दाखवलं, हुबेहूब. ती हसली. नटीला हसावंच लागतं.

परतताना मलकापूर मागं पडलं, तेव्हा गाडीत रेणुकाला राहवलं नाही.

'माय, मी नाई म्हटलं होतं त्याईले. चौदा खेपा झाल्या. तो बे म्हटला नसता तं आवाज दुसरीचा लागला असता, तुले मी आयकू आली नसती. तुह्यासाठी म्हटलं वं मी ते.' मग रेणुका शेवटचं कारण काढून म्हणाली, 'आन् तसं लिहूनच होतं, माय. लिहिनाऱ्यानं तसं लिहिलं होतं.'

बनाबाईनं तिच्या गालाकडं हात नेला. जिथं मारलं होतं तिथंच बोटं टेकवली आणि चाचपून पाहिलं, सुजलं की काय.

'लिहिनाऱ्याले माय नसन, रेणे,' ती म्हणाली. 'तुले तं हाय ना.'